टिल्लूंवर रुमाल

“तिले एल्फच द्या ना सर. पोरीले एल्फ शोभते.”

मी त्याच्या मागेच उभी होते, हातात पाण्याची बाटली घेऊन. त्याला ते माहीत नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही, कारण तो वळला, माझ्या हातातली बाटली घेतली, वरून धार धरून घटाघटा प्यायला, बाटली मला परत दिली आणि पुन्हा सरांकडे तोंड करून म्हणाला, “अन् फोन लावा लवकर. आज नाही सांगितलं तर पार्सल दिवाळीनंतरच येते मंग.”

नागपुरात महाल भागातल्या एका गल्लीत, भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत सरांचा गणिताचा क्लास आहे. रविवारी दुपारी तिथे विद्यार्थी नसतात. बाकं भिंतीला सरकवायची, चार टेबलं जोडायची, त्यांच्यावर जुनी हिरवी सतरंजी अंथरायची, की झाली रणभूमी. थर्माकोलचे डोंगर, भांडी घासायच्या घासणीची झाडं, आणि त्यांच्यामधून बोटाएवढे बुटके, राक्षस, घोडेस्वार एकमेकांवर चालून जातात. प्रत्येक खेळाडूचं आपलं एक सैन्य असतं. शिंप्याच्या टेपने अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि कोण मेलं ते ठरवायचं. वाद झाला तर सर नियमांचं पुस्तक उघडतात. वाद दर रविवारी होतो.

मला तिथे आणलं माझ्या मावसभावाने. तो राक्षसवाला. बाटली पिणारा तो बुटकेवाला; तो दर रविवारी उमरेडहून एसटीने येतो आणि आपले बुटके स्टीलच्या डब्यात, फोमचे तुकडे लावून, मांडीवर घेऊन बसतो. सरांचं घोडदळ. आणखी दोघेचौघे येऊन जाऊन असतात, पण दर रविवारचे हे तिघं. तिथे कोणाला नावाने हाक मारल्याचं मी क्वचितच ऐकलंय. “राक्षसवाल्या, तुझी पाळी.” “बुटकेवाला आला नाही बे अजून?” तुमचं सैन्य तेच तुमचं नाव.

म्हणूनच मला इतकी घाई नव्हती आणि म्हणूनच इतकी धास्तीही होती. पहिलं सैन्य एकदा घेतलं की घेतलं. ते करड्या प्लास्टिकच्या चौकटीत सुटे हात, सुटी डोकी अशा रूपात येतं. एकेक तुकडा कापायचा, घासायचा, चिकटवायचा, मग महिनोन्महिने बसून रंगवायचा. त्या खोलीत कोणी सैन्य बदलल्याचं कोणाच्या आठवणीत नाही. मी कितीतरी रविवार नुसती बघत बसले होते. फासे टेबलाखाली गेले की काढून द्यायचे, पाणी भरायचं, आणि कूलर सांभाळायचा. हे कूलरचं काम मोठं जोखमीचं. नागपुरात उन्हाळ्यात, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यातही, त्या खोलीत कूलरशिवाय माणूस बसू शकत नाही, आणि कूलर लावला की पहिल्या झोताबरोबर अर्धं सैन्य आडवं होतं. म्हणून नियम असा, की कोणी सैन्य हलवत असेल तेव्हा कूलर बंद आणि फासे टाकताना चालू. बटणापाशी मी. “बंद कर वं, झेंडेवाला पडला माहा!” “चालू कर ना आता, जीव घेते का?” एवढीच माझ्याशी होणारी संभाषणं. मला ती पुरेशी वाटत होती, हेही खरं.

पण नोकरी लागली, पहिला पगार झाला आणि मी मावसभावाला म्हटलं की मलाही खेळायचंय. तो इतका खूश झाला की पुढचं काही ऐकायला थांबलाच नाही. त्याने सगळ्यांना सांगून टाकलं. आणि सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं की मी एल्फ घेणार.

एल्फ म्हणजे उंच, सडपातळ, लांब केसांचे तिरंदाज. पांढरे झगे, चंदेरी धनुष्य. ते रांगेत उभे राहतात, लांबून बाण मारतात आणि कोणाच्या जवळ जात नाहीत. दिसायला सुंदर आहेत, मी नाही म्हणत नाही. पण ते मलाच का, याची कारणं ऐकून माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

“हिचा हात साफ आहे,” मावसभाऊ म्हणाला. “शाळेत ड्रॉइंगमध्ये नेहमी ए ग्रेड. एल्फचे झगे रंगवायले असाच हात लागते.”

“अन् शांत आहे,” बुटकेवाला म्हणाला. “एल्फ शांत राहतात.”

“नवीन माणसाला सोपं जातं,” सर म्हणाले. सर पुस्तकी मराठी बोलतात, रागावले की मात्र घसरतात. “अंतर राखून खेळायचं. चुका कमी होतात.”

साफ, शांत, अंतर राखून. इंग्रजी शाळेत असताना माझ्या प्रगतिपुस्तकात बाई दरवर्षी हेच लिहायच्या, फक्त इंग्रजीत. मी दहा वर्षं प्रार्थनेच्या रांगेत समोरच्या मुलीच्या वेणीपासून हातभर अंतर ठेवून उभी राहिले आहे. आता स्वतःच्या पैशांनी, रविवारी, घरून निघून, चढा जिना चढून आल्यावरही मी त्याच रांगेत उभं राहायचं?

मला टिल्लू हवे होते.

टिल्लू हे त्या खोलीतलं नाव. पुस्तकात त्यांना गॉब्लिन म्हणतात. तिथल्या चित्रांत ते हिरवे, ठेंगणे, लांब कानांचे, फाटक्या कपड्यांचे. त्यांच्याकडे धड शस्त्रं नसतात. कोणाच्या हातात तवा, कोणाच्या हातात दरवाजाची कडी. मी त्यांना एकदाच खेळताना पाहिलं होतं. त्यांचा मालक बंगलोरला नोकरीला आहे. तो एका होळीला घरी आला तेव्हा एक डाव खेळायला बसला. टिल्लूंचा नियम असा आहे, की पाळी आली की आधी फासा टाकायचा, आणि फासा वाईट पडला तर ते शत्रूला सोडून आपसातच भांडतात. त्या दिवशी त्यांच्या एका तुकडीने भांडता भांडता आपल्याच सेनापतीला दरीत ढकललं, दुसरी तुकडी घाबरून पळाली, पळता पळता चुकून सरांच्या घोडदळाच्या पाठीमागे निघाली आणि तिथे तिने असा काही गोंधळ घातला की सर डाव हरले. मी जोरात हसले. इतक्या जोरात, की मावसभावाने वळून पाहिलं, कोण हसलं म्हणून. त्या दिवसापासून माझं ठरलेलं होतं. त्यांच्याकडून कोणाची कसलीच अपेक्षा नव्हती आणि ते भलताच आवाज करत होते.

पण मनात ठरणं आणि तोंडाने सांगणं यांच्यामध्ये माझ्या बाबतीत फार लांबचा रस्ता आहे. माझं वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं, नीट, स्वल्पविरामासकट. मग मी ते मराठीत आणते. मग ते उद्धट वाटणार नाही ना, ते तपासते. तोवर लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. त्या दिवशीही सर फोन हातात घेऊन दुकानदाराचा नंबर शोधत होते तेव्हा कुठे माझं वाक्य तयार झालं, आणि त्यातलाही एकच शब्द बाहेर पडला.

“टिल्लू,” मी म्हणाले.

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

“टिल्लूंचं काय?” मावसभाऊ.

“मले टिल्लू घ्यायचे आहेत.”

बुटकेवाला असा हसला जसं एखादं लहान मूल चंद्र मागतं आहे. “ते नाही भेटत. त्याच्यावर रुमाल आहे.”

रुमाल म्हणजे काय ते विदर्भात एसटीने फिरलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. गाडी लागली की खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा. रुमालाचा मालक मग चहा पिऊन येवो, पान खाऊन येवो, ती जागा त्याची. दुसरा कोणी रुमाल उचलून बसला तर गाडीभर भांडण. त्या खोलीतही हाच कायदा चालत होता. एका सैन्याचा एकच मालक. माणसं मोजकी, तेव्हा दोघांनी तेच सैन्य घेतलं तर मजा जाते, असं सरांचं म्हणणं. आणि टिल्लू बंगलोरवाल्याचे होते.

“पण तो तर इथे राहत नाही,” मी म्हणाले. एका दिवसात तीन वाक्यं, हा माझा विक्रम होता.

“येते ना होळीले.”

“यंदा नाही आला.”

“मंग पुढच्या होळीले येईन. रुमाल तर आहे ना त्याचा?” बुटकेवाल्याने कपाटाच्या वर बोट दाखवलं. तिथे मिठाईचा एक मोठा खोका होता, त्यावर सरांच्या क्लासच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आणि गठ्ठ्यावर धूळ. “माल पडला आहे इथंच.”

मावसभाऊ माझ्या मदतीला धावला. म्हणजे त्याला तसं वाटलं. “तिले माहीत नव्हतं. ती फक्त विचारून राहिली होती. जाऊ द्या. एल्फ फायनल.”

“मी विचारून नव्हते राहिले,” मी म्हणाले, पण तेवढ्यात त्याने कूलर चालू केला होता.

सर माणूस न्यायाचे. त्यांनी फोन खाली ठेवला. “तिने एक डाव खेळून बघावा एल्फ घेऊन. मग ठरवू. माझ्याकडे शिकवण्यापुरते आहेत थोडे.”

तो डाव मी कधी विसरणार नाही, कारण तो मी खेळलेच नाही. माझा हात एल्फकडे जायचा आणि तिथे आधीच एक हात असायचा. “तो नको, तो मागचा घे,” म्हणत मावसभाऊ तो मागचा घेऊन पुढे ठेवूनही मोकळा व्हायचा. सर टेप लावायचे, “इथून बाण पोहोचतो, म्हणजे तू बाणच मारणार.” म्हणजे मी बाणच मारणार. बुटकेवाला तर माझ्याविरुद्ध खेळत होता, तरी तोही मला सांगत होता, “इकडून ये ना माह्यावर, इकडं मोकळं आहे.” मी एकदा एक तिरंदाज उचलून पुढच्या टेकडीवर एकटाच नेऊन ठेवला. मला बघायचं होतं काय होतं ते. तिघं एकदम ओरडले, जसं मी गळक्या गॅसजवळ पेटती काडी नेली आहे. तिरंदाज परत रांगेत आला. कोणी आणला ते मला दिसलंही नाही.

एल्फ जिंकले. बुटकेवाल्याने टाळ्या वाजवल्या.

“पाह्य! पहिल्याच डावात! तुह्यासाठीच बनले आहेत एल्फ!”

“म्हटलं होतं ना मी,” मावसभाऊ म्हणाला. तो खरोखर आनंदात होता. हेच तर मला सहन होत नव्हतं. तिथे कोणी वाईट नव्हतं. कोणी मला हिणवत नव्हतं, मुलगी म्हणून हाकलत नव्हतं, उलट सगळे माझ्यासाठी धडपडत होते, घाम गाळत होते, कूलर बंद ठेवून. भांडायला समोर कोणी असावं लागतं. हे सगळे माझ्याच बाजूला उभे होते, इतके दाटीने, की मला हलायला जागा उरली नव्हती.

सरांनी फोन उचलला. “तर मग एल्फचा सुरुवातीचा डबा सांगू?”

“नको,” मी म्हणाले.

“अरे, काहून?” मावसभाऊ.

“मले टिल्लूच पाहिजेत.”

या वेळी वाक्य इंग्रजीतून आलं नव्हतं. मला वाटतं म्हणूनच ते ऐकू गेलं. सरांनी चष्मा काढला, शर्टाने पुसला, पुन्हा लावला. आणि त्या खोलीला शोभेल असाच तोडगा काढला. “त्यालाच विचारू. त्याने रुमाल उचलला तर प्रश्नच मिटला.”

मावसभावाच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. बंगलोरवाला गॅलरीत कपडे वाळत घालत होता. खांद्यावर ओला टॉवेल.

“काय गा सर! आज कशी आठवण?”

“अरे, तुझ्या टिल्लूंबद्दल बोलायचं होतं.”

“कोणते टिल्लू?”

बुटकेवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतके दिवस त्याने ज्या रुमालाची राखण केली होती, तो टाकणारा दुसऱ्याच गाडीने केव्हाच निघून गेला होता.

“तुहे टिल्लू बे! कपाटावरचे!” तो फोनमध्ये तोंड घालून ओरडला.

“अबे हो! आहेत का ते अजून? मले वाटलं फेकले असतील तुम्ही.” बंगलोरवाला हसला. “मी तर आता सायकलिंग करून राहिलो. खेळणं-बिळणं सोडलं कधीचं.”

सरांनी त्याला माझ्याबद्दल सांगितलं. नवीन आहे, बोलत नाही फारसं, पण टिल्लूंवरच अडून बसली आहे. बंगलोरवाल्याने टॉवेल तारेवर टाकला आणि फार मोठ्या मनाने म्हणाला, “मंग देऊन टाका ना तिले. पूर्ण खोका. पैसे-बैसे नको मले. नवीन मागवायची गरजच काय?”

खोलीत एकदम दिवाळी झाली. मावसभावाने माझ्या पाठीवर थाप मारली. बुटकेवाला स्टुलावर चढून खोका काढायला लागला, प्रश्नपत्रिका घसरून खोलीभर झाल्या. सर समाधानाने मान हलवत होते; नियमही राहिला, मुलीचंही झालं, पार्सलचा खर्चही वाचला. मीही स्टूल धरायला धावले, खोटं कशाला बोलू. मग खोका उघडला.

टिल्लू होते. सगळे. आणि सगळे एकाच रंगाने माखलेले, घराच्या गेटला मारतात तशा जाड, चकचकीत ऑइलपेंटने. रंग इतका दाट होता की डोळे, दात, बोटं सगळं त्याखाली बुजून गेलं होतं. हातातला तवा कुठे संपतो आणि हात कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. त्या होळीला मी भिंतीशी, लांब बसले होते; तिथून यातलं काही दिसलं नव्हतं. फक्त सेनापती वेगळा होता. त्याला निळे-पांढरे पट्टे मारले होते.

“हे काय आहे?” मी पट्ट्यांकडे बोट दाखवलं.

“त्याच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा ड्रेस,” सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा हळवा झाला. “आम्ही सगळे इथेच बसून रंगवले होते, एका पावसाळ्यात. त्याची आठवण आहे ती. रंग मात्र खरवडू नकोस हं यांचा.”

“नाही ना, खरवडणार काहून ती?” मावसभाऊ म्हणाला. “तिले रंगवायची मेहनतच नाही आता. डायरेक्ट खेळायचं.”

“अन् तो होळीले आला तर एक डाव त्याले खेळू द्यायचा,” बुटकेवाला म्हणाला. “शेवटी टिल्लू त्याचेच ना.”

मी एक टिल्लू हातात घेतला. जड होता, रंगामुळेच. मी रात्ररात्र मनातल्या मनात त्यांना रंगवलं होतं. आईची जुनी लिपस्टिक असते तसल्या विटकरी रंगाच्या चिंध्या, पिवळे दात, एकाच्या नाकाला फोड, एकाचा कान कुरतडलेला, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. आता मला टिल्लू मिळाले होते आणि त्यातलं काहीच मला करायचं नव्हतं. सांभाळायचं होतं. पुसून ठेवायचं होतं, मालक आला की द्यायचं होतं. कूलरच्या बटणापाशी उभी होते, आता खोक्यापाशी उभी राहणार होते.

आणि आता तर नाही म्हणायची सोयही राहिली नव्हती. एल्फ नको म्हणणं एक वेळ सोपं होतं. फुकट दिलेलं, प्रेमाने दिलेलं, मी स्वतः हट्टाने मागितलेलं नाकारायचं कसं? माझ्या शाळेने मला विनंती कशी करावी ते शिकवलं, आभार कसे मानावे ते शिकवलं, आजारपणाच्या सुट्टीचा अर्ज शिकवला. याचा नमुना कुठल्याच व्याकरणाच्या पुस्तकात नव्हता.

मावसभावाने फोन माझ्या तोंडासमोर धरला. पडद्यावर बंगलोरवाला, मागे त्याचे ओले कपडे, चेहऱ्यावर देणाऱ्याचं हसू.

“बोल वं,” मावसभाऊ म्हणाला. “थँक्यू म्हण त्याले.”

सगळे थांबले. सरांच्या फोनवर दुकानदाराचा नंबर तयार होता, आता फक्त सांगायचं होतं की यावेळी काही नको. मी तोंड उघडलं तेव्हा मला काय बोलायचंय ते ठाऊक नव्हतं. टिल्लू मी परत खोक्यात ठेवला, सेनापतीच्या शेजारी, नीट उभा.

“थँक्यू,” मी म्हणाले. “पण मले हे नको. हे तुमचे आहेत, तुम्ही येऊन खेळा. मी माह्ये नवीन घेते, कोरे. दोघांजवळ टिल्लू झाले तर होऊ द्या. सर, फोन लावा दुकानात, अन् टिल्लूंचा मोठा डबा सांगा. नाही, तुम्ही नका सांगू. इकडे द्या, मीच बोलते.”